बाथरूममधली कुऱ्हाड

४ जानेवारी

धाकट्या,

माफी मागायला हे पत्र लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकते. पाण्याचा जग तुला चुकून लागला नव्हता, नेम धरून फेकला होता. नाकावर बसायचा तो भुवईवर बसला, एवढंच काय ते चुकलं.

काल तुमच्या अंतराळ केंद्रातून एका बाईंचा फोन आला. अंतराळात गेलेल्यांच्या नातेवाइकांचं त्या बघतात म्हणे. "तुमच्या भावाने कोणाची पत्रं चालतील त्यात तुमचं नाव दिलंय," म्हणाल्या. मी म्हटलं, कुठल्या भावाने? मला एकच आहे आणि तो दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग तोच असणार." बाई हुशार आहेत. त्यांनी नियम सांगितले. पत्र आधी त्या वाचणार, मग टाइप करून वर पाठवणार. आजारपण, मृत्यू, भांडणतंटा, असलं काही त्यांना विचारल्याशिवाय लिहायचं नाही. वरच्या माणसाचं मन स्थिर राहायला हवं. म्हणजे आपल्या दोघांत बोलण्यासारखं काही उरलंच नाही. तरी लिहिते.

तू उडालास तेव्हा मी विमानतळावर आमच्या खोलीत होते. सगळे वैमानिक, हवाईसुंदऱ्या टीव्हीसमोर उभे. रॉकेट सुटलं तशा टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. खुर्ची धरून उभी होते. माझं एक इंजिन बंद पडलं तर मी दुसऱ्यावर घरी येते. दोन्ही गेली तरी पंख आहेत, घसरत घसरत कुठेतरी टेकवता येतं. तुझ्या बुडाखाली जे पेटलं होतं ते वाकडं गेलं असतं तर तुला घेऊन कोण घसरत येणार होतं?

हेच मी त्या दिवशी तुझ्या घरी जेवताना म्हणत होते. तुझी निवड झाली म्हणून सगळे गोळा झालेले, आणि मी आकडे काढून बसले, हे मान्य. आमच्याकडे लाखो उड्डाणांत एखादं पडतं. तुमच्याकडे आजवर वर गेलेल्यांत शेकड्याला दोन-तीन परत आले नाहीत. असा आकडा असलेल्या विमानात मी आपली पेटीसुद्धा ठेवणार नाही, असं म्हटलं. त्यावर तू हसत म्हणालास, "ताई, किलोमीटरवर मोज. मी एका दिवसात पृथ्वीला जितक्या चकरा मारीन तितकं तू वर्षभरात उडत नाहीस. किलोमीटरमागे माझंच यान सुरक्षित." पोरकट हिशोब. मरायचं असतं ते चढताना आणि उतरताना, मधले किलोमीटर फुकटचे. मी तसं म्हटलं. मग तू ते म्हणालास. "तू बस चालवतेस, ताई. जरा वरून."

जग हाताशी होता.

तुझ्या बायकोने दातांची डॉक्टर असून तुझ्या भुवईला टाके घातले, आणि मला दाराकडे बोट दाखवलं. बरोबरच केलं तिने. पण बस शब्द मी विसरलेले नाही.

आता चांगली बातमी, बाईंसाठी. माझं बरं चाललंय. गेलं वर्षभर बहुतेक वेळा एकच को-पायलट माझ्याबरोबर असतो. तिशीतला आहे, आम्ही त्याला गवई म्हणतो, कारण उड्डाणाआधीची तपासणी करताना गुणगुणत असतो. हात फार चांगला आहे त्याचा. परवा विचारत होता, "मॅडम, तुमचे भाऊ घाबरत नाहीत?" मी म्हटलं, देवाने त्याला तो अवयवच दिलेला नाही. तो म्हणाला, "मग बरंय." थोड्या वेळाने परत तेच विचारलं.

तू घाबरत नाहीस ना रे?

ताई

२९ जानेवारी

धाकट्या,

डाव्या हाताने लिहितेय, त्यामुळे थोडक्यात. बाथरूममध्ये पाय घसरला. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. विशेष काही नाही. बाईंना विचारून लिहितेय, त्यांनी एवढं लिहायला परवानगी दिली.

तुझी बायको आम्हा दोघींना लाज वाटेल इतकं माझं करते. दोन दात तुटले होते तेही तिनेच पाहिले. तुझी चिमणी शाळेतून सरळ माझ्याकडे येते, मागच्या जिन्याने, कारण पुढे हल्ली गर्दी असते. काल विचारत होती, "आत्या, बाथरूममध्ये पडलेल्या माणसाला एवढी फुलं का पाठवतात?" मी म्हटलं, बाथरूम मोठं होतं.

काळजी करू नकोस. खात जा.

ताई

६ फेब्रुवारी

बाई, हे पत्र तुम्ही आधी वाचणार हे ठाऊक आहे. कृपा करून यातला एकही शब्द गाळू नका. त्याला कळलंय.

धाकट्या,

काल तुझा फोन आला तेव्हा मला वाटलं कोणी बातमीदार आहे. दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला, तोही आकाशातून, आणि तू पहिलं वाक्य काय बोलावंस? "ताई, बाथरूममध्ये कुऱ्हाड होती का?"

मी हसायला लागले आणि मग जे झालं ते तू ऐकलंस. तुमचा फोन तुटतो तेवढ्यात मला एक धड वाक्य बोलता आलं नाही. म्हणून लिहिते. यानातल्या तुझ्या सोबत्याच्या भावाने त्याला सांगितलं आणि त्याने तुला, असं तू म्हणालास. म्हणजे पेपरात आलं तेवढंच तुला माहीत. पेपरात मी शूर आहे. तू माझ्याकडून ऐक.

दुपारचं उड्डाण होतं. आकाश स्वच्छ. पुढे लांबवर ढगांचा एक पट्टा. गवई त्या दिवशी गुणगुणला नव्हता हे मला नंतर आठवलं, तेव्हा नाही. मध्ये तो मागे जाऊन आला. तो बाहेर असेपर्यंत मामा माझ्याजवळ बसले होते. मामा म्हणजे केबिनमधल्या कर्मचाऱ्यांचे मुख्य, निवृत्तीला आलेले, पोट सुटलेले, सगळ्या कंपनीचे मामा. गवई आला, मामा उठून गेले, दार बंद झालं. ते दार कसं असतं तुला माहीत आहे. गोळी झेलतं. बाहेरच्या दुष्ट माणसाला आत येता येऊ नये म्हणून ते तसं केलंय. आतलाच माणूस उठला तर काय करायचं, त्याचं उत्तर त्या दाराकडे नाही.

गवई जागेवर बसला नाही. माझ्या पाठीमागे काहीतरी खुट् वाजलं. मला वाटलं, कागदांचा कप्पा उघडतोय. आमच्या कॉकपिटमध्ये एक छोटी कुऱ्हाड लावलेली असते. आग लागली, पत्रा फोडून हात घालावा लागला, तर असावी म्हणून. एवढ्या वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. मी ढग पाहायला पुढे वाकले, आणि म्हणूनच आज लिहितेय. पहिला घाव डोक्यासाठी होता. तो खुर्चीच्या पाठीला घासून माझ्या उजव्या खांद्यात बसला. हाड मोडल्याचा आवाज मी आधी ऐकला आणि दुखलं नंतर.

तो म्हणाला, "सॉरी, मॅडम."

हे मी चौकशीतही सांगितलं तर लिहून घेणाऱ्याने मान वर करून पाहिलं. पण तो तसंच म्हणाला. "सॉरी, मॅडम. हलू नका. लगेच होईल." डॉक्टर सुई टोचताना बोलतात तसं. आणि दुसऱ्यांदा कुऱ्हाड उचलली.

जागा किती असते तिथे? आपल्या आईच्या कपाटाएवढी. त्याला नीट उगारता येईना, छताला अडकत होती. दुसरा घाव समोरच्या पडद्यावर गेला. काच माझ्या तोंडावर उडाली. तिसऱ्याला मी डाव्या हाताने दांडा धरला. तो माझ्या अंगावर आला, त्याचा घाम माझ्या डोळ्यांत गळत होता, आणि त्याच्या कोपराने माझे दात गेले. मी त्याचं मनगट चावले. हाडापर्यंत चावले, धाकट्या. तोंडात त्याचं रक्त कुठलं आणि माझं कुठलं मला कळत नव्हतं. बाहेर मामा दारावर लाथा घालत होते आणि ओरडत होते, "मॅडम! दार! दार!" दाराचं बटण दोन खुर्च्यांच्या मध्ये. त्यावर गवईचा गुडघा.

मग विमानाने नाक खाली टाकलं.

तू रोज जे अनुभवतोस ते आम्ही त्या क्षणी अनुभवलं. माझा चष्मा, पेन, काचेचे तुकडे, चहाचा एक अख्खा गोळा, सगळं वर उठलं. मी पट्ट्याने बांधलेली होते. गवई नव्हता. तो माझ्या अंगावरून असा उचलला गेला, जणू कोणी त्याला मानगुटीला धरून वर घेतलं. छतावर आपटला. कुऱ्हाड त्याच्या हातातून सुटली आणि माझ्या तोंडासमोर हळूच फिरत राहिली. किती छान फिरत होती सांगू. मग विमान सावरलं आणि ती आणि तो दोघेही दगडासारखे खाली आले. तो उठायला लागला. विमान पुन्हा खाली गेलं, पुन्हा वर. या वेळी त्याचं डोकं दोन खुर्च्यांच्या मधल्या कडेवर पडलं. बटण मोकळं झालं. मी ते दाबलं.

मामा आत आले ते आग विझवायचं नळकांडं घेऊन. तेवढा मऊ माणूस मी पाहिलेला नाही. रडणारं मूल दिसलं की खिशातून लिमलेटची गोळी काढणारा. त्यांनी गवईच्या जबड्यावर ते नळकांडं मारलं, परत मारलं, तो निपचित पडला तरी मारलं. मी ओरडले, "मामा, पुरे! ओढा त्याला बाहेर!" मामा रडत होते. पट्ट्यांनी बांधून त्याला पुढच्या मोकळ्या जागेत पाडलं आणि दोन प्रवासी त्याच्यावर बसले.

नंतर मी विमान उतरवलं. एका हाताने. मामा माझ्या शेजारी बसून मी सांगेन तो खटका ओढत होते, आणि प्रत्येक वेळी विचारत होते, "हाच ना? नक्की हाच ना?" टेकवताना आपटलं जरा. आमच्याकडे इतकं आपटलं तर तरुण मुलांना मी शिव्या देते.

बस चालवते मी, जरा वरून.

आता तुला सगळं माहीत आहे.

ताई

२१ फेब्रुवारी

धाकट्या,

सगळं माहीत आहे असं मी लिहिलं. तसं नव्हतं.

"विमानाने नाक खाली टाकलं" हे वाक्य तुझ्या नजरेत भरलंच असणार. तू स्वतः वैमानिक आहेस. विमान आपणहून असलं काही करत नाही. तू त्यानंतरच्या पत्रात काही विचारलं नाहीस, ही तुझी सभ्यता. पहिल्यांदाच दाखवलीस.

ते मी केलं. माझ्या डाव्या हाताने. मला दिसलं की मी बांधलेली आहे आणि तो सुटा आहे, आणि त्याच्या ताकदीला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. तेव्हा मागे चहा वाटत होते, हे मला माहीत होतं. लोक उभे असणार, मुलं मधल्या वाटेत असणार. पट्टे बांधा असा दिवा लावायचं बटण माझ्या डोक्यावर आहे आणि त्याला उजवा हात लागतो. तो हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मी थांबले नाही. कळत असून विमानाचा दांडा पुढे लोटला. पहिल्यांदा, आणि मग दुसऱ्यांदाही.

मागे चहाची गाडी छताला जाऊन खाली आली, तिच्याखाली आमच्या एका हवाईसुंदरीचा पाय चिरडला. एका माणसाचा डोळा गेला. आणि एक बाई, निवृत्त शिक्षिका, शौचालयातून बाहेर येत होत्या. त्यांची मान मोडली. मुलीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या.

हे पेपरात "झटापटीत एका प्रवाशाचा मृत्यू" असं आलं. मी ते तसंच राहू दिलं. चौकशीत मात्र मी सांगितलं. त्यांना विमानातल्या नोंदीच्या यंत्रावरून कळलंच होतं. अध्यक्ष म्हणाले, "कॅप्टन, दुसरा मार्ग नव्हता हे आम्हाला दिसतंय." दिसतंय तर दिसतंय. मला रात्रंदिवस ती चहाची गाडी दिसते.

काल साक्ष संपवून बाहेर आले तर व्हरांड्यातल्या बाकावर गवईची आई बसलेली. लहानखुरी बाई, मांडीवर पिशवी, पिशवीत त्याचे धुतलेले कपडे. त्याला दवाखान्यात पहाऱ्यात ठेवलंय, तिथे ते कपडे आत घेत नाहीत, म्हणून ती ते घेऊन सगळीकडे फिरते. माझ्याकडे बघून उठली आणि म्हणाली, "बाई, तो झोपत नव्हता हो. तीन महिने झोपत नव्हता. भिंतीतून बोलतात म्हणायचा. मी म्हटलं कंपनीच्या डॉक्टरला सांग. तर म्हणाला, आई, सांगितलं की दुसऱ्या दिवशी जमिनीवर, मग परत कधी वर नाही. दुसऱ्या गावात जाऊन, दुसरं नाव सांगून डॉक्टरला दाखवलं त्याने. गोळ्या घेतल्या तर डोळे मिटतात म्हणून त्याही टाकून दिल्या."

मी काही बोलायच्या आत एक माणूस आला. मोठा, रुंद, शाळेत खेळ शिकवणारा. त्या शिक्षिकेचा मुलगा. कोणीतरी त्याला बोट करून दाखवलं असावं, ही गवईची आई. त्याने काही विचारलं नाही. तिच्या केसांना धरलं आणि डोकं भिंतीवर आपटलं. पिशवी पडली, कपडे फरशीवर. तिने हातसुद्धा वर केला नाही. मी मध्ये घुसले, मोडक्या खांद्याने. म्हटलं, "सोडा त्यांना! तुमच्या आईला यांच्या मुलाने मारलेलं नाही. विमान मी खाली घातलं. मी!"

त्याने तिला सोडलं. माझ्याकडे बघत राहिला, जणू मी दुसऱ्याच भाषेत बोलले. मग मला मारलं. एक तोंडावर, एक खांद्यावर, जिथे पट्टी आहे. मी पडले. धाकट्या, तुला खोटं सांगत नाही, त्या घटनेनंतर पहिल्यांदा मला बरं वाटलं. शिपाई धावत आले, तोवर तोही खाली बसला होता, माझ्या शेजारी, फरशीवर. मला म्हणाला, "तिला कळलं का? दुखलं का तिला?"

मी म्हटलं, "नाही. एका क्षणात झालं."

खरं की खोटं, मला माहीत नाही. मी तिथे नव्हते. दाराच्या आत होते.

मी तक्रार केलेली नाही. शिपायाला सांगितलं, घसरून पडले. हल्ली मी फार घसरते.

तुमच्याकडे म्हणे एक डॉक्टर दर आठवड्याला तुमच्याशी एकांतात बोलतो. झोप लागते का, काही ऐकू येतं का, कोणाचा राग येतो का, सगळं विचारतो. तुमचं काम धोक्याचं आहे हे सगळ्यांना मान्य आहे ना, म्हणून विचारतात. आमचं सुरक्षित. मग सुरक्षित माणसाला कोण विचारणार? मीही विचारलं नाही. तो माझ्या शेजारी बसत होता.

तू तरी त्या डॉक्टरला खरं सांगतोस ना?

ताई

१४ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. बाईंनी फोनवर वाचून दाखवू का विचारलं. मी म्हटलं नको, छापून पाठवा, मला हातात हवंय.

म्हणजे तुलाही तो अवयव आहे. पहिल्या आठवड्यापासून छातीत धडधड, हात गार पडणं, झोपेत बाहेरचा काळोख आत येतोय असं वाटणं. आणि आठवडाभराने यानाबाहेर जाऊन काम करायचं, ज्यासाठी तू इतकी वर्षं पाण्याच्या टाकीत बुडून सराव केलास. आणि हे सगळं तू त्या डॉक्टरपासून लपवत होतास, अगदी आमच्यासारखाच.

तू लिहिलंस, "ताई, मंगळवारी मी सांगून टाकलं. माझं बाहेर जाणं रद्द झालं. आता माझ्याऐवजी सोबती जाईल आणि मी आतून दोरी धरीन." बाकी काही लिहिलं नाहीस, पण मी तुला लहानपणापासून ओळखते. तू रडला असशील. वर अश्रू खाली पडत नाहीत, डोळ्यावरच चिकटून बसतात म्हणे. पुसून टाक. मला तुझा आजवर इतका अभिमान कधी वाटला नाही. तू उडालास तेव्हाही नाही.

तुझ्या बायकोला मी सांगितलं. ती मोठ्याने "हुश्श" म्हणाली आणि आत जाऊन एका माणसाची दाढ उपटली.

परवा मी गवईला भेटायला गेले. सगळ्यांनी नको म्हटलं. मामा तर म्हणाले, "मॅडम, मी नाही येणार. मला त्याचा जबडा बघवणार नाही." खोलीच्या दारावर एक जाडजूड शिपाई. आत तो खाटेवर, एक हात खाटेला बांधलेला, जबडा तारांनी आवळलेला. बारीक झालाय. गोळ्यांमुळे डोळे जड, पण ओळखलं त्याने. मी खाटेजवळ स्टूल ओढून बसले. त्याच्या मनगटावर माझ्या दातांचे व्रण आहेत.

तारांमधून, एकेक शब्द ढकलत तो म्हणाला, "मॅडम, तेव्हा मला ऐकू येत होतं, तुम्ही विमान खाली पाडणार आहात. ते आवाज रोज सांगायचे. त्या दिवशी म्हणाले, आज. मला तुम्हाला मारायचं नव्हतं. मला विमान उतरवायचं होतं."

"माहीत आहे," मी म्हटलं. माहीत नव्हतं. त्या क्षणी कळलं.

"मला इथे कोणी काही सांगत नाही," तो म्हणाला. "सगळे उतरले का?"

शिपाई माझ्याकडे बघत होता. हो म्हणणं किती सोपं होतं. त्याची आई तेच म्हणत असणार. पण त्याच्या शेजारी मी वर्षभर बसले आणि त्याला एक खरा प्रश्न विचारला नाही, निदान एक खरं उत्तर तरी द्यावं.

मी म्हटलं, "एक जण सोडून. एक शिक्षिका होत्या. ते माझ्या हातून झालं, तुझ्या नाही."

त्याने डोळे मिटले. बांधलेला हात इतक्या जोरात ओढला की खाट हलली. शिपाई पुढे आला. मी त्याला थांबवलं आणि तो हात दाबून धरला, दोन्ही हातांनी, माझा खांदा किंचाळत होता तरी. तो झटके देत राहिला, मी धरून राहिले. कुठल्या झटक्याला तो माझ्याशी भांडत होता आणि कुठल्याला मला धरत होता, मला सांगता येणार नाही. शेवटी दमला. झोप लागली त्याला.

निघताना शिपाई म्हणाला, "आल्यापासून पहिल्यांदा असा झोपलाय."

उतरताना जपून ये.

ताई

९ एप्रिल

धाकट्या,

उद्या मला तुला भेटू देणार आहेत. आज फक्त बायको आणि मुलगी, असं तुमच्या बाईंनी सांगितलं. आज त्यांना पहिल्यांदा समोर पाहिलं. मला वाटलं होतं कोणी पोक्त असतील, निघाल्या जेमतेम तिशीच्या. त्यांच्याच हाती हे आत पाठवतेय.

तुझं उतरणं आम्ही तिघींनी एका सोफ्यावर बसून पाहिलं. आगीचा गोळा होऊन आलास. तीन हवाई छत्र्यांपैकी एक अर्धी उघडली आणि फाटक्या चादरीसारखी फडफडत राहिली. तुझ्या बायकोने माझा चांगला हात असा पिळला की अजून काळानिळा आहे. जमिनीवर आपटलास तेव्हा धूळ उडाली आणि यान कुशीवर कलंडलं. मग दार कापलं, तुझ्या सोबत्याला स्ट्रेचरवर काढलं, मग तुला. तुझ्या नाकातून रक्त वाहत होतं आणि तू त्या माणसांच्या अंगावर ओकलास. चिमणी ओरडली, "बाबा ओकले! बाबा जिवंत आहेत!" इतकी आनंदाची ओकारी या घरात कोणी पाहिली नव्हती.

सोबत्याचे पाय मोडले, तुझ्या दोन बरगड्या. एवढ्यावरच निभावलं, बरं झालं म्हणायला लाज वाटते, पण बरं झालं.

चौकशीचा निकाल आला. मला दोष नाही. मामांनाही नाही. मामांनी वेळेआधी निवृत्ती घेतली. गवईला तुरुंगात नाही, इस्पितळात ठेवायचं ठरलंय, बहुधा बराच काळ. कंपनीने मला विचारलं, खांदा बरा झाला की परत उडवणार का? मी म्हटलं, माझ्याही डोक्याची तपासणी करा, खरी तपासणी, आणि तोवर मला काही विचारू नका. त्यांना ते आवडलं नाही. डॉक्टरला मी सगळं सांगितलं. चहाची गाडी दिसते तेही. तो म्हणाला, निदान वर्षभर तरी नाही. मग बघू. मी सहीसुद्धा केली नाही तोवर रडायला लागले, आणि त्याने घड्याळाकडे पाहिलं नाही. चांगला माणूस आहे.

तर इकडे यायला मी प्रवासी म्हणून तिकीट काढलं. तुझी बायको आणि चिमणी आधीच्या विमानाने पुढे गेल्या होत्या. खिडकीजवळची जागा. दार बंद झालं. पट्टा इतका आवळला की श्वास घ्यायला जागा उरली नाही. शेजारी एक गृहस्थ, फरशा विकणारे, मांडीवर नमुन्यांची पेटी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मायेने विचारलं, "पहिल्यांदाच का, ताई?"

मी म्हटलं, "हो."

"काही घाबरू नका. मी महिन्यातून दोनदा करतो. रस्त्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित, आकडे आहेत त्याचे." मग त्यांनी मला विमान हवेत कसं राहतं ते समजावलं. सगळं चुकीचं होतं. पंखांत गरम हवा भरतात असं काहीसं. मी मान डोलावत राहिले. ढगांत विमान हादरलं तेव्हा त्यांनी न विचारता पेटीवरचा हात काढून माझ्यासमोर धरला.

मी तो धरला, धाकट्या. त्या फरशीवाल्याचा जाड, खरखरीत हात, आणि चाकं जमिनीला लागेपर्यंत सोडला नाही.

ताई